एकाच बिछान्याची होडी

रविवार, संध्याकाळ

आज होडी ठरवली. रत्नागिरीच्या होड्या विकणाऱ्या माणसानं फोनवर दोन होड्या दाखवल्या. मोठीत दोघांना झोपता येतं, पण तिचं शीड एकट्याला आवरत नाही. लहानीत एकच बिछाना. मी पटकन बोलून गेलो, "लहान द्या." निवृत्तीनंतर सोलापूर सोडून होडीतच राहायचं, हे वेड माझंच. पण एकट्यानं जायचं कधी ठरलं होतं?

सुमन शेजारीच भाकरी थापत होती. म्हणाली, "मग मी कुटं झोपायचं?"

मी हसत म्हणालो, "तुला पाण्याची भीती वाटते की."

तिनं भाकरी तव्यावर टाकली. एकच बिछाना. मला खरंच सुचलं नाही, की सुचूनही मी...?

जेवताना लेक म्हणाली, "बाबा, आई पालिकेच्या तलावात पोहायला शिकतीय. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

हातातला घास ताटात ठेवला. जिला विहिरीत डोकावतानाही कापरं भरतं, ती माझ्यासाठी पाण्यात उतरत होती. ताटावरून उठलो, त्या माणसाला फोन केला, मोठी होडी सांगितली. मग सुमनला विचारलं, "येशील ना? शीड दोघांनी धरू."

"येईन की," ती म्हणाली. "पण हे आधी विचारायचं."

माझ्याकडं न बघताच म्हणाली.