आजच्यापुरता इंग्रजी अर्थ

क्रेगहेवन, मंगळवार
(चहा झाला आहे, पाऊस चालू आहे)

तीर्थस्वरूप अक्काच्या चरणी धाकट्या श्रीपादाचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि परसातली पपई या तिघांची प्रकृती सविस्तर कळवावी. इकडे सर्व क्षेम आहे. क्षेम म्हणजे इथल्या मापानं क्षेम. या गावात कोणालाही 'कसं काय' विचारलं तर 'वाईट नाही' असं उत्तर येतं. लग्न ठरलेला माणूसही तेच म्हणतो आणि दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेलाही तेच. तेव्हा मीही वाईट नाही.

पत्राच्या आरंभीच एक गंभीर तक्रार नोंदवणं मला प्राप्त आहे. तुझ्या मागच्या पाकिटावर भावोजींनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव, घर, गाव सगळं अचूक लिहिलं आणि शेवटच्या ओळीत 'स्कॉटलंड, इंग्लंड' असं घातलं. आमचा पोस्टमन डॉड यानं ते पत्र पेटीत टाकलं नाही. दार वाजवलं, पाकीट मेलेल्या उंदरासारखं दोन बोटांत धरून माझ्यासमोर लोंबवलं आणि म्हणाला, "पॅडी, नाव तुझं आहे म्हणून देतो. पुढच्या वेळी हे लिहिलंय तिथंच पाठवीन, मग बस शोधत." (श्रीपादचा पॅडी त्यानंच केला. पॅडी हे आयरिश माणसाचं नाव आहे, हे मी त्याला वीस वर्षं सांगतो आहे. माझ्या बाबतीत देश चुकला तर चालतो, त्याच्या बाबतीत नाही.) भावोजींना माझा सविनय निरोप सांग: कोल्हापूरकराला 'कोल्हापूर, पुणे' असं लिहून एक पत्र टाका आणि उत्तराची वाट बघा.

हा राग नीट कळायला तुला आमचं कवितामंडळ कळलं पाहिजे, आणि ते कळलं की शनिवारचा माझा विजयही कळेल. दर शनिवारी दुपारी वाचनालयातल्या गरम नळ्यांजवळ आम्ही जमतो आणि या देशातल्या आजच्या कविता वाचतो. आजची कविता म्हणजे जिच्यात यमक नसतं पण पाऊस असतो. बंद पडलेली गोदी असते, तेलविहिरीवरून सुट्टीला आलेला नवरा असतो, एखादी मेंढी असते आणि आजोबांची बोट तर असतेच. अध्यक्ष इझोबेल गेडिस बाई. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे आजही त्यांच्यासमोर बिस्किट मोडताना आवाज झाला तर आपण आपोआप उभे राहतो. त्यांच्या लहानपणी शाळेत घरची बोली बोललं की हातावर चामडी पट्टा बसायचा. ज्या शब्दांसाठी त्यांनी तो पट्टा खाल्ला, तेच शब्द आता कवितेत आले की त्या हनुवटी वर करून, एकेक अक्षर मोकळं सोडत वाचतात. त्या वेळी पोस्टमन डॉडसुद्धा, तोही मंडळाचा सभासद, बिस्किट चघळणं थांबवतो. (मला त्या कविता मनापासून आवडतात, अक्का. कानाला आधी खडखडाट वाटतो, मग लक्षात येतं की हा आपल्या जात्याचा आवाज आहे.)

मंडळात माझं काम अलंकार पुरवण्याचं. एका चौकातल्या दिव्याच्या खांबावरच्या कवितेत मी विप्रलंभ, म्हणजे विरहाचा, शृंगार सिद्ध करून दाखवला. मग डॉड म्हणाला, "वाईट नाही." याहून मोठा पुरस्कार इथे दिला जात नाही. त्यांना आपला रसविचार आवडतो, कारण त्यात सगळं मोजलेलं आहे: रस नऊ, सात्त्विक भाव आठ. मासे मोजून जगलेलं गाव. आकडा ऐकला की त्यांचा विश्वास बसतो.

आता चारूविषयी. मंजिरीच्या इस्पितळातल्या नोकरीचा पदर धरून मी या गावात आलो, बंदराच्या कचेरीत बोटींची आवकजावक लिहू लागलो, आणि आमची लेक इथंच जन्मून इथल्याच बोलीत कविता लिहू लागली. माझ्याशी मराठी, जगाशी ही बोली, आणि इंग्रजी फक्त बँकेशी. मंजिरी गेल्यापासून ती ग्लासगोहून महिन्यातून एकदा तरी येऊन जाते, माझ्या फ्रीजची तपासणी करते. तिला न्यूझीलंडच्या एका विद्यापीठानं दोन वर्षं कविता शिकवायला बोलावलं आहे. अशी संधी दुसऱ्यांदा दार ठोठावत नाही. महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. मी म्हणतो, जा. ती म्हणते, बघू. हा 'बघू' तिनं आपल्या घराण्याकडून उचलला आहे. आपल्याकडे 'बघू' म्हटलेली गोष्ट आजवर कोणी पाहिलेली नाही. कारण विचारलं तर सांगत नाही. ते कारण मला गेल्या शनिवारी छापील स्वरूपात मिळालं.

मंडळाची रीत अशी की कवितेच्या प्रती वाटताना वरचं कवीचं नाव कात्रीनं उडवायचं, म्हणजे भीडभाड न ठेवता बोलता येतं. शनिवारी बाईंनी प्रती वाटल्या. चारू घरी आली होती म्हणून तीही सोबत होती, मागच्या बाकावर, कोट न काढता. कविता लहानशी. सकाळची बस. पुढच्या दारात बाप हात हलवतो आहे. बस निघते, बंदराला वळसा घालते, घराच्या मागच्या गल्लीत शिरते, आणि तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीत तोच बाप तोंडाला फडकं लावून 'ग्रीट' करतो आहे. शेवटची ओळ: इथे बसला थांबा नाही.

पुढचं दार निळं होतं. खिडकीत पितळी समई होती. क्रेगहेवनमध्ये समया फार नाहीत.

(खुलासा: बस नेहमी पुढच्या रस्त्यानंच जाते. नगरपालिकेनं नळासाठी तो खणला, तेव्हापासून ती मागून जाते. त्याची सूचना माझ्याच कचेरीच्या दारावर लागली होती आणि ती मीच चिकटवली होती.)

आता प्रश्न त्या एका शब्दाचा. तू इंग्रजीची परीक्षा दिलेली आहेस, तुला ठाऊक आहे की ग्रीट म्हणजे स्वागत करणे. इथल्या बोलीत मात्र ग्रीट म्हणजे रडणे. बाईंनी सरळ सांगितलं की बाप पुढे हसून निरोप देतो आणि मागे जाऊन रडतो, कविता एवढीच आहे आणि ती पुरेशी आहे. माना हलल्या. माझी मात्र हलली नाही. मी चष्मा पुसला आणि उभा राहिलो.

मी म्हटलं, इथे सर्वांचा अर्थनिर्णय घाईचा होतो आहे. शब्द इंग्रजी अर्थानं घ्यावा. पुढच्या दारात बाप हात हलवतो, मागच्या खिडकीत ग्रीट करतो. म्हणजे आतिथ्य पुढून मागे अखंड चालू आहे. हा अत्यंत प्रसन्न, निरोगी आणि एकटा राहायला सर्वथा समर्थ असा बाप आहे. शिवाय आमच्याकडे 'गृ' असा धातू आहे, 'गृणाति' म्हणजे तो स्तवन करतो, हाक देतो. शब्दाचं मूळ तिथेच असावं.

बाई म्हणाल्या, "श्रीपाद, तोंडाला फडकं लावून स्वागत कोण करतं?"

मी सांगितलं की आमच्याकडे थोरामोठ्यांसमोर तोंडाला उपरणं लावण्याची चाल आहे.

"बससमोर?" डॉडनं विचारलं.

मी म्हटलं, बसमध्ये कोण बसलंय ते बसवरून कसं कळणार. त्यावर डॉड म्हणाला, "बरं, कांदा चिरत असेल असं तरी म्हण की, पॅडी, आम्ही काय नाही म्हणतोय का?" मी कांद्याला नकार दिला. कांदा हे विभाव म्हणून फार हलकं कारण आहे. मग मी दुसऱ्या फळीवर आलो: समजा अश्रू आहेत असं धरलं, तरी आठ सात्त्विक भावांत अश्रू सातवा, आणि तो आनंदानंही येतो. मुलगी दूर देशी मोठ्या कामाला निघाली तर बापाला आनंद होणारच. इथे माझा आवाज जरा वर गेला असावा, कारण ग्रंथपाल बाईंनी दार लोटून घेतलं.

मग एक गोष्ट घडली. गेडिस बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि हातातला कागद दोनदा दुमडला. म्हणाल्या, "कदाचित शब्द इंग्रजीच असेल." अक्का, ज्या बाईनं या बोलीसाठी पट्टा खाल्ला, तिच्या तोंडून हे वाक्य निघालं. मी डॉडकडे पाहिलं. पाकिटावरचं इंग्लंड ज्याला सहन झालं नव्हतं, तो टेबलावरचे बिस्किटांचे कण एका ठिकाणी गोळा करत होता. म्हणाला, "आजच्यापुरता इंग्रजी अर्थ धरू. पॅडी आज बरोबर आहे." कोणीही विरोध केला नाही. ठराव एकमतानं संमत झाला. हा माझा विजय. वीस वर्षांत या मंडळात इंग्रजी अर्थ जिंकल्याचं दुसरं उदाहरण नाही.

निघताना डॉड चारूजवळ थांबला आणि तिच्याकडे न बघता, टोपी घालता घालता म्हणाला, "ती कविता. वाईट नाही."

घरी येताना चारू माझ्या एक पाऊल पुढे चालत होती. गोदीपाशी आल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे बाबा, मी गेले तर चालेल?" मी म्हटलं, चालेल म्हणजे काय, धावेल. ती हसली. घरात शिरल्यावर तिनं खुंटीवरचं फडकं उचललं, ओलं आहे का ते हातानं पाहिलं, आणि पुन्हा होतं तिथेच ठेवलं. मी म्हटलं, भात लावू का? ती म्हणाली, लावा.

एकूण पाहता प्रकरण माझ्या हातात आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पपईला शुभेच्छा.

तुझा,
श्रीपाद

ता. क. लिंबाचं लोणचं पाठवशील तर उपकार होतील. पत्ता तू स्वतः लिही.

ता. क. दुसरा. लोणच्यासाठी एवढं पत्र कोणी लिहीत नाही, हे तुला कळलं असेलच. काम असं आहे. उत्तर द्यायच्या आधी चारू तुला फोन करणार आहे. तिचं म्हणणं, बाबा शब्द फिरवतात, अक्काआत्या फिरवत नाही. ती विचारील, बाबा लहानपणापासून असेच का. तू सांगायचं की आमचा श्रीपाद दगड आहे, कधी रडला नाही. पाठशाळेत मुलीच्या पाठवणीचा श्लोक आला की गुरुजी मला आधीच पाणी प्यायला बाहेर पाठवायचे, हे सांगायचं नाही. तुझ्या लग्नात मला विहिरीमागून शोधून आणावं लागलं, हेही नाही. मीच फोन केला असता, पण चौथा सात्त्विक भाव स्वरभंग, आणि तो तुला 'हॅलो'मध्येच कळतो.

आणि तो शब्द मला ठाऊक आहे. पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. शेजारचं मूल दिवसभर ग्रीट करायचं. 'गृ' धातूचा त्याच्याशी काही संबंध नाही, तो मी उभ्या उभ्या जोडला. त्या खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत होतं.

ता. क. तिसरा. पत्र बंद करत होतो तोच डॉड येऊन गेला. नळाचं काम संपलं, रस्ता बुजवला. सोमवारपासून बस पुन्हा पुढच्याच रस्त्यानं जाईल, मागच्या गल्लीत येणार नाही. पुढच्या दारातलं मला जमतं, ते मी नीट करीन. अक्का, ती गेल्यावर या घरात मराठी बोलायला कोणी उरणार नाही, आणि मी इथे एकटा कसा राहीन ते मला खरंच कळत नाही. फोन आला की तू मात्र ठरल्याप्रमाणेच बोल.