कळत नाही म्हणणारा तपासनीस

सांता ब्रिजिदा, ४ मार्च

चि. तेल्मा हिस,
देओलिंदाआत्याचे अ. उ. आ.

तुझ्या बापाचा पराक्रम ऐक. रविवारी पलीकडच्या बेटावर माझ्या मैत्रिणीचा, एर्मेलिंदाचा वाढदिवस होता. मी गोड भात केला, वर दालचिनीची नक्षीसुद्धा बोटांच्या अंदाजाने काढली. बोटीच्या वेळांसाठी कॉम्प्युटर लावला, तर बोटवाल्यांचं पान तो मला वाचून दाखवतो काय, तर ‘वेळापत्रक’ हा एकच शब्द. बस, पुढे काही नाही. शेवटी तुझ्या बापाला, अमादेउला विचारलं. त्याने ठामपणे साडेदहा सांगितले आणि बोट नऊलाच गेलेली. रस्ता विचारणाऱ्या परक्यालाही तुझ्या बापाने आजवर माहीत नाही असं कधी सांगितलेलं नाही.

भात आम्हीच खाल्ला, आणि वर तोच म्हणतो, यापुढे तू एकटीने कुठे जायचं नाही. डोळे गेले तेव्हाही मला कुणी असं बांधून घातलं नव्हतं. फार लागलं गं.

आंधळ्यांना वेबसाइट वापरता येते का, हे तपासणारा तुझा तो प्रोग्रॅम त्या पानावर एकदा सोड.

तुझ्या बापाच्या वाट्याचा लोभही सध्या तुलाच.
तुझी आत्या

लिस्बन, ७ मार्च

ती. देओलिंदाआत्यास,
तेल्माचा सा. न. वि. वि.

आत्या, रागावू नकोस. आमच्या तपासनीसाने, म्हणजे त्या प्रोग्रॅमनेच, त्या पानाला हिरवा शेरा दिला. तिथे वेळापत्रकाचा नुसता फोटो चिकटवलाय. चित्रामागे वाचून दाखवता येतील असे शब्द हवेत, हा नियम मीच लिहिलेला. त्याला एक शब्द सापडला आणि स्वारी खूश. तो शब्द पुरेसा आहे का, हे यंत्राला कळत नाही, पण तसं म्हणायची मुभाच आम्ही त्याला ठेवलेली नाही. पास नाहीतर नापास. थेट बाबाच.

तिसरा निकाल हवा, असं मी आमच्या कंपनीच्या वाश्कूसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, कळत नाही म्हणणारा तपासनीस विकत कोण घेणार. याच महिन्यात एक समिती नगरपालिकांसाठी एक तपासनीस निवडणार आहे, आणि आमच्या समोरचे दोन्ही प्रोग्रॅम शंभरपैकी गुण देतात. मी मात्र हट्टाला पेटले आहे.

तुझ्या लोभाची आत्ता खरी गरज आहे.
तेल्मा

सांता ब्रिजिदा, १० मार्च

चि. तेल्मा हिस, अ. उ. आ.

अगं शहाणे, तुझा हिरवा शेरा मला दिसणार कसा? निकाल आधी शब्दांत लिही.

आणि साहेबांना सांग, मी रोज वाट विचारत फिरते. कुणी माहीत नाही म्हटलं, तर मी पुढच्याला विचारते आणि पोचते. मला चुकवतात ते ठाम बोलणारेच. बाकी एर्मेलिंदाने पुन्हा बोलावलंय, अमादेउ सोडत नाही.

लोभ आहेच, जोडीला थोडा रागही घे, भांडायला बरा पडतो.
आत्या

लिस्बन, २४ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

जिंकलो! मी तेच बोटीचं पान परीक्षेला मागून घेतलं. समोरच्या दोघांनी पैकीच्या पैकी गुण दिले. आमच्याने शब्दांत लिहिलं, इथे एक शब्द आहे, तो पुरेसा आहे का ते मला कळत नाही, माणसाने वाचून बघावं. समितीच्या अध्यक्षबाईंनी डोळे मिटून कॉम्प्युटरकडून पान वाचून घेतलं आणि सगळ्यांना विचारलं, बोट किती वाजता? खोलीत एकालाही सांगता येईना. मग मी तुझं ठाम माणसांचं वाक्य ऐकवलं. वाश्कूसाहेबांनीच पहिली टाळी वाजवली, आता हा तिसरा निकाल त्यांचाच असल्यासारखे मिरवताहेत. बोटवाल्यांनीही फोटो काढून वेळा लिहून टाकल्या. वाचून बघ.

लोभ आहे तो आता एकट्याने फिरू दे.
तेल्मा

एर्मेलिंदाकडून, २ एप्रिल

चि. तेल्मा हिस, अ. उ. आ.

पत्ता बघितलास ना? एकटी आले, काठी आणि भाताचं पातेलं घेऊन. जायची नि परतायची, दोन्ही वेळा मला तोंडपाठ. अमादेउ धक्क्यापर्यंत आला, पण बोटीत चढला नाही. मी चढत होते, तेवढ्यात मागे एका प्रवाशाने त्याला विचारलं, परतीची शेवटची बोट कधी. मी कान टवकारले. तुझा बाप खाकरला आणि म्हणाला, मला माहीत नाही, माझ्या बहिणीला विचारा.

मी वेळ सांगितली. बरोबर सांगितली.

लोभ मावेना झालाय, थोडा तुझ्या बापालाही परत करते.
तुझी आत्या