विसावं नाव

मंगळवार, ८ एप्रिल, संध्याकाळ

शेठवरचा राग डोक्यातून जातच नाही. वीस माणसं झाली की पीएफ लावावा लागतो, म्हणून कोसबाड रस्त्यावरच्या आमच्या चिकू चिप्सच्या कारखान्यात हजेरीबुकात कायम एकोणीसच नावं. ती मी लिहिते. रमिला सहा वर्षं चिकू सोलतेय, तिचं नाव एकदाही लिहिलं नाही. कोणी? मीच.

आज पीएफचे साहेब तपासणीला आले. शेठने रमिलाला मागच्या वाडीत पिटाळलं. "साहेब जाईपर्यंत तोंड दाखवायचं नाय." ती निमूट गेली. साहेब तासभर कागद चाळत होते आणि शेठ चहा पुढे करत गोड हसत होता. किळस आली मला.

तेवढ्यात रमिला आत आली, हातावर चिकूचा चीक तसाच. थेट माझ्या टेबलापाशी.

"ताई, माझी सही कुठं करू?"

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणी आहे," शेठ म्हणाला.

पाहुणी! सहा वर्षं!

"इथं कामाला आहे," मी बोलून गेले. "नाव मी लिहिलं नाही."

साहेबांनी तिला बसवून नाव, गाव, सगळं लिहून घेतलं, तिची सही घेतली.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच शेठ तिच्या अंगावर ओरडला, "उद्यापासून यायचं नाय!"

रमिला जागची हलली नाही. "लेखी द्या, शेठ. आता माझं नाव हाय."