अर्धा रोल

३ मार्च

धाकटीचं पुस्तक आलं. लेखही तिचे, फोटोही तिचेच. विषय — बाबांचं कपडे शिवायचं दुकान. म्हणजे माझा विषय! तीस वर्षांपूर्वी मी माझं पहिलं पुस्तक त्यावर लिहिलं, तेव्हा ही कॉलेजात होती.

वीस पानं वाचली. एकही शब्द जास्तीचा नाही. मिटून ठेवलं.

५ मार्च

आईचा फोन. धाकटीने तिला बसून सगळं वाचून दाखवलं म्हणे. बाबा समोर येऊन बसल्यासारखे वाटले, म्हणाली. माझ्या पुस्तकाच्या वेळी म्हणाली होती, छपाई छान आहे रे.

८ मार्च

प्रकाशन समारंभ. दुसऱ्या रांगेत बसलो. बाबांनी दातांत दोरा धरलाय, त्या फोटोवर सगळे फिदा. कुणीतरी माझी ओळख करून दिली — ‘हे हिचे भाऊ’. हसलो. गाल दुखेपर्यंत.

संपादक दोघांचा एकच. चहा पिताना सांगत होता, तिने ऐन वेळी पुस्तकातला एक फोटो मागे घेतला, पान कोरंच सोडावं लागलं. नखरे!

११ मार्च

दोऱ्याचा फोटो माझा आहे. काउंटरवर कोपर टेकवून काढला होता, चांगलं आठवतंय.

शोधता येईल. घरात कॅमेरा एक, रोलही एक. आमची भांडणं मिटवायला बाबांनी नियम घातला होता : छत्तिसातले पहिले अठरा माझे, एकोणिसापासून पुढचे तिचे. निगेटिव्हच्या कडेला आकडा छापलेला असतो. तिथे कुणाची वशिलेबाजी चालत नाही.

निगेटिव्हचा डबा या पुस्तकासाठी तिने नेला होता. जानेवारीत परत दिला. माळ्यावर आहे.

१२ मार्च

शिडी शेजाऱ्यांकडे. शेजारी गावाला.

१३ मार्च

सापडला. सहा-सहाच्या पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. खिडकीशी धरून पाहिलं. दोऱ्याचा फोटो — सत्तावीस.

तिचा. बरं.

पट्टी पाकिटात सरकवताना पुढचे दोन दिसले. एकोणतीस. इस्त्रीच्या वाफेत अर्धा बुडालेला बाबांचा चेहरा.

माझ्या पहिल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ. आत लिहिलंय : छायाचित्र, लेखकाचे. त्या एका फोटोवर मला लोक ओळखतात. पुस्तक न वाचलेलेसुद्धा.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकोणतीस.

प्रिंट मीच काढली होती. तेव्हा आकडा बघितला नाही. की बघायचा नव्हता?

१४ मार्च

संपादकाला फोन केला. धाकटीने मागे घेतलेला फोटो कोणता, ते विचारलं.

“तुमचाच की. वाफेचा. दोन्ही पुस्तकांत एकच फोटो कसा, म्हणून विचारलं मी तिला. तर म्हणाली, मग राहू द्या.”

तिचं पुस्तक उघडलं. पान एकशे बारा. कोरं. बराच वेळ तेच पान वाचत बसलो.

संध्याकाळी संपादकाला पत्र लिहिलं. तीन ओळी. मुखपृष्ठावरचे छायाचित्र माझे नाही, माझ्या बहिणीचे आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. पाकीट बंद केलं. ड्रॉवरमध्ये ठेवलं.

१५ मार्च

पाकीट ड्रॉवरमध्येच.

तिने जानेवारीत पट्टी पाहिली असणार. तेव्हा कळलं असणार. तरी दोन महिने गप्प! मोठेपणासुद्धा हिलाच हवा.

१६ मार्च

धाकटीकडे गेलो. पट्टी टेबलावर ठेवली, विचारलं, जानेवारीत कळलं ना तुला?

तिने पट्टी उचललीसुद्धा नाही.

“जानेवारीत कसलं, दादा. तुझं पुस्तक हातात आलं त्या दिवशीच. मी काढलेला फोटो चांगला असू शकतो, हे मला तेव्हाच तर कळलं.”

चहा घेतला. घरी येऊन ड्रॉवरमधलं पाकीट काढलं, पोस्टाच्या पेटीत टाकून आलो.