एका घरात छत्री आणि टेबल

१ ऑक्टो. २०१२, सोम.
वॉर्डातली ग्रामपंचायतीची जागा महिलांसाठी राखीव. छत्रीवाल्या पॅनेलने सुमनवैनींना उभं केलं, टेबलवाल्यांनी निर्मलाला. वैनी थोरल्या जाऊबाई, निर्मला धाकटी, मी मधली. पनवेलला कॉलेजात सांगितलं, तर स्टाफरूम हळहळली. "घरात भांडण झालं का हो?" भांडण कुठलं! आमच्याकडे मोठ्या घरांची रीतच आहे, एक भाऊ इकडे, एक तिकडे. कुणीही निवडून आलं तरी पाण्याची लाइन घरापर्यंत येते.

४ ऑक्टो.
राज्यशास्त्र शिकवते, म्हणून अंदाज बांधायला बसले. वरची आळी वैनींच्या पॅनेलची, सासरेबुवांच्या काळापासून. खाडीकडचा कोळीवाडा टेबलवाल्यांचा. मोहल्ल्यात रशीदचाचांना विचारलं. "इन्शाल्ला, दोघी आपल्याच, मॅडम. जी गटार बांधील तिला." उलव्याच्या बाजूच्या नव्या बिल्डिंगवाल्यांची नावं अजून साताऱ्याच्या यादीत. सगळं धरून बरोबरी येते. माझीच इच्छा बेरजेत शिरते आहे का?

७ ऑक्टो., रवि.
सासूबाईंनी जेवताना घरातली मतं वाटली, भाकरी वाटावी तशी. थोरला आणि वैनी छत्री. धाकटा आणि निर्मला टेबल. स्वतः छत्रीला, आमच्या ह्यांना टेबलाला. म्हणजे तीन-तीन. मग माझ्याकडे वळून, "उरलीस तू. शिकलेली हाय, तुजा तू ठरव."
हे मान खाली घालून हसत होते. मी म्हटलं, ठरवीन, पण सांगणार नाही.
"घरात कसला लपवाचा?"

१० ऑक्टो.
न सांगण्याचे फायदे. काल वैनींनी जिताड्याचं कालवण केलं, माशाची सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात. "मी काय मागत नाय. खा गप." निर्मलाने माझ्या साड्या इस्त्री करून ठेवल्या, वर म्हणे, "ताई, ही लाच नाय हां."
दुपारी दोघी वेगवेगळ्या आळ्यांत प्रचाराला गेल्या, संध्याकाळी एकाच रिक्षातून परत आल्या. रिक्षावाल्याने विचारलं, पैसे कुठल्या पॅनेलकडून घेऊ?
पितृपक्षात प्रचार नको, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. आज सासऱ्यांचं पान ठेवलं. कावळा पटकन शिवला. दोघींनी एकदम हात जोडले. दोघींनाही कौल मिळाला.

१३ ऑक्टो.
कुणाला द्यायचं? वैनी मोठ्या मनाच्या, लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं. पण ग्रामसभेत त्यांना डुलकी लागते. टाकीचं काम बचत गटाच्या बायका घेऊन निर्मलाने लावून धरलं. वर्गात मी सांगते, नातं बघून मत देऊ नका. माझ्या तर दोन्हीकडे नातं. मग खरं सोपं असायला हवं.
सोपं नाही.

१४ ऑक्टो., रवि.
मत दिलं. कुणाला, ते इथेही लिहीत नाही.

१५ ऑक्टो.
वैनी एका मताने आल्या. एका!
गुलाल, ढोल. निर्मलानेच आधी ओवाळलं. सासूबाई अख्ख्या आळीला ऐकवत होत्या, "तीन-तीन झाली व्हती. मधलीच्या मतानं आली थोरली." वैनींनी मला मिठीच मारली. साडीवर गुलाल. "मना वाटला नवता गो, तू मला देशील."
मी नुसती हसले.
आता लिहितेच. माझं टेबलाला होतं. मग हसले कशाला? पण त्या गर्दीत काय म्हणायचं होतं?

१६ ऑक्टो.
घट बसले. मागच्या पडवीत निर्मला भांडी घासत होती. म्हटलं, एका मताने जागा गेली, वाईट वाटलं का? ती आधी हसायला लागली. थांबेचना, उचकी लागली.
"ताई, मी छत्रीला दिला."
म्हटलं, काय?
"मशीनवर माजाच नाव, माजाच टेबल. हात जायना. पंगतीत वाढताना आपन आपल्या पानात आधी वाढतो का? वैनींचा नाव वरती व्हता. दाबला."
प्रचारात घरोघरी मत मागताना लाजली नाही. स्वतःला द्यायची वेळ आली आणि लाजली.
"स्वतःला दिलं असतंस तर तूच आली असतीस गं!"
"ते काल समजला." पुन्हा हसू. मग ओल्या हाताने माझा हात धरून, "वैनींना सांगू नका. त्या राजीनामा देतील."
देतीलच.
आळ्या, मोहल्ला, बिल्डिंगवाले, सगळ्यांचा हिशोब मांडला होता. उमेदवाराने स्वतःचं मत स्वतःला दिलं असेल, हे मात्र धरूनच चालले.

१८ ऑक्टो.
पेच. माझं खरं सांगितलं तर वैनींचा आनंद अर्धा होईल. निर्मलाचं सांगितलं तर पुरता जाईल. न सांगावं तर तिच्या मताचं श्रेय मी खाते आहे. नवरात्रात मासळी बंद, तर आज तव्यावरची पहिली गरम भाकरी माझ्याच ताटात आली. मी ती निर्मलाच्या ताटात सरकवली. वैनींनी पाहिलं.

३० ऑक्टो.
पंचायतीची पहिली सभा. वैनी नवी साडी नेसून तयार. कागदांची पिशवी निर्मलाच्या हातात दिली. "तू वाच, मी बोलते. टाकीचा आधी." मग रिक्षात बसता बसता थांबल्या, माझ्याकडे वळल्या.
"मधले, खरा सांग. तुजा मत मलाच ना?"
निर्मला पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधू लागली.
म्हटलं, "वैनी, मत गुप्त असतं."
ओट्यावरून सासूबाई, "कसला गुप्त! सगल्या गावाला ठाव हाय."
वैनी हसल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, निर्मलाकडे पाहिलं, आणि तिला बसायला जागा करून दिली. जरा जास्तच जागा.