कडेची सायकल

सोमवार, ४ मार्च

दगडवाल्याची बायको आज हॉलवर आली. मी शिडीवर होते, चौकटी सरळ करत. माझ्या इतक्या वर्षांच्या बातमी-फोटोंचं प्रदर्शन शनिवारी उघडायचंय. दारातच ती जोडी लावली आहे – एकात पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला माणूस दगड फेकतोय, दुसऱ्यात शिपायांनी बंदुका झाडल्यात. आधी दगड, मग गोळीबार. अख्खं शहर तो दिवस याच क्रमाने सांगतं.

बाई खालूनच बोलत होती. आवाज चढवला नाही. पहिला दगड त्याचा ठरला, म्हणून नवरा तुरुंगात सडला. सुटल्यावर गल्लीने तोंड फिरवलं. त्याच गोळीबारात त्याचा धाकटा भाऊ गेला. नवरा अजून झोपेत बरळतो, मीच मारलं त्याला.

"ताई, आत्ता कुठे शेजारी आमच्या दाराशी थांबून बोलायला लागलेत. शनिवारनंतर थांबतील का?"

मी म्हटलं, बघते. बघते म्हणजे काय करते? 

मंगळवार, ५ मार्च

मला स्वतःला काय आठवतं? चौक, धूर, डोक्यात बसलेली लाठी. मग एकदम दवाखान्याचं छत. फिल्म पेपरच्या ड्रायव्हरने ऑफिसात नेली. धुतली दुसऱ्यांनी, फोटो निवडले साहेबांनी – आमचे तेव्हाचे संपादक. मी शुद्धीवर आले तोवर जोडी छापून मोकळे झाले होते. पुढे कोर्टात निगेटिव्हच्या कडेचे आकडे पुरावा ठरले. दगडाचा आकडा आधीचा, बंदुकांचा नंतरचा. मला साक्षीला बोलावलंसुद्धा नाही. आणि माझी आठवणही हळूहळू त्या आकड्यांच्या मागे गुपचूप रांगेत उभी राहिली.

आज दोन्ही निगेटिव्ह भिंगाखाली घेतल्या. पेपरात छापताना फोटोंच्या कडा कापल्या होत्या. बंदुकांच्या फोटोत, अगदी कडेला, खांबाला टेकून एक सायकल उभी आहे. दगडाच्या फोटोत तीच सायकल आडवी. तिच्यापाशी एक अनवाणी पाऊल.

आडवी पडलेली सायकल गोळीबार सुरू झाल्यावर उठून उभी राहिली?

जेवायला न उठता भिंगाशीच बसले. नवऱ्याने ताट झाकलं. म्हणाला, कोर्टापेक्षा सायकलवर जास्त विश्वास, धन्य आहेस! थट्टाच होती. पण खरंच – ती बाई येऊन गेली म्हणून तर मला हे दिसत नाहीये ना? मधल्या वेळात कुणी सायकल उचलून ठेवलीही असेल.

बुधवार, ६ मार्च

कॅमेरा माझा नव्हता! भाजी चिरताना आठवलं. माझा दुरुस्तीला टाकलेला, म्हणून त्या दिवशी भंगारशेठचा नेला होता.

गुरुवार, ७ मार्च

भंगारशेठ म्हणजे आमच्याच पेपरचा जुना फोटोग्राफर. काही म्हणजे काही टाकून देत नाही, म्हणून हे नाव. कॅमेरा त्याच्या कपाटात होता, मुलाच्या बाळपणीच्या टोपड्यांखाली.

फिल्म घातली, झाकण लावलं. घूंऽऽ करत मोटरने सगळी फिल्म एका दमात डबीबाहेर ओढून घेतली. पुढे प्रत्येक फोटोला ती थोडी थोडी डबीत परत जाते. म्हणजे पहिला फोटो शेवटच्या आकड्यावर! बहुतेक कॅमेरे बरोबर याच्या उलट.

तरी खात्री करायची होती. आधी रिकाम्या खुर्चीचा फोटो काढला, मग तिच्यावर बसलेल्या शेठचा. फिल्म धुतली. आकड्यांनुसार शेठ आधी बसलेला, खुर्ची नंतर रिकामी.

 हा कॅमेरा उलटा चालतो हे शेठला ठाऊक होतं. पण ती फिल्म याच कॅमेऱ्यातली, हे त्याच्याही डोक्यातून गेलं होतं.

आधी बंदुका. मग दगड.

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांना फोन केला. उद्घाटन त्यांच्या हस्ते आहे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाले, "जुनी मढी उकरू नकोस." जोडी काढायची तर खुशाल काढ, पण उलटी लावलीस तर मी येणार नाही. आणि हॉलवाल्यांनाही कळवतो.

काढून टाकली तर साहेब खूश, ती बाईही खूश, या जोडीला मिळालेला पुरस्कार माझ्याकडेच. किती सोपं! दुपारभर मी त्या सोपेपणाभोवती घिरट्या घातल्या. काढण्यासाठी एक चौकट भिंतीवरून उचललीसुद्धा.

मग घरी येऊन दोन्ही फोटो पूर्ण छापले, कडांसकट. बाईला निरोप धाडला – उद्या सकाळी, लोक यायच्या आधी, नवऱ्याला घेऊन या. हॉलची किल्ली अजून माझ्याकडे आहे. उद्या दुपारी असेल की नाही, माहीत नाही.

शनिवार, ९ मार्च

सकाळीच नवे फोटो चौकटीत घालून दारात लावले – आधी बंदुका, मग दगड. तो आला. बायको दाराबाहेरच थांबली. मी फिल्मचं समजावून सांगायला लागले, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो दगडाच्या फोटोच्या कडेपाशी वाकला होता.

"ही धाकट्याची सायकल."

मग म्हणाला, आधी गोळीचा आवाज झाला असं मला वाटायचं. पण कोर्टात त्यांनी फोटो पुढे केला. फोटोपुढे माझं काय चालणार?

त्याने काचेवर बोट ठेवलं. त्या पावलापासून हळूहळू दगड धरलेल्या हातापर्यंत नेलं. स्वतःच्या हातापर्यंत.

"म्हणजे मी दगड उचलला तेव्हा तो पडलेला होता."

"हो."

त्याने मागे न बघताच हाक मारली. "अगं, आत ये. धाकटा आहे इथे."