डिसमँटल म्हणजे शाल

४ जून २००१, सोमवार
आजपासून रोज एक इंग्रजी शब्द. नुसता पाठ नाही, वापरायचा. ऑफिसात पोचलो तर बोर्डावर नोटीस: तीस जूनपासून रेकॉर्ड डिपार्टमेंट डिसमँटल होणार. आयता शब्द मिळाला. सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. इंग्रजी येणारा मी एकटाच. उद्या सांगतो म्हटलं.

५ जून
पॉकेट डिक्शनरीत डिसमँटल नाही. मँटल आहे. मँटल म्हणजे शाल. डिस म्हणजे डिस्ट्रिब्यूशन, हे शेंबडं पोरही सांगेल. शालवाटप! एकोणीस वर्षं फायली सांभाळल्या, चीज झालं. शालीबरोबर नारळ आलाच.

६ जून
फायली काढून देणाऱ्या संपतने चहाच्या वेळी बाजूला घेतलं. चाकणच्या एका कंपनीने त्याला स्टोअरमध्ये बोलावलंय. शुक्रवारी दुपारपर्यंत होकार कळवायचाय. विचारत होता, साहेब, खातं बंद तर होत नाही ना? बायकोला सातवा महिना आहे, चूक परवडणार नाही. मी हसलो. अर्थ समजावला. सत्काराच्या तोंडावर पळतो तो करंटा, म्हटलं. पाया पडला.
भाषणाचा मसुदा सुरू.

७ जून, संध्याकाळी ७
निकिता कॉम्प्युटर क्लासहून आली. आज पीसी डिसमँटल केला म्हणाली. मी म्हटलं, पीसीला शाल कशाला? कार्टी हसून लोळली. मग म्हणाली, बाबा, डिसमँटल म्हणजे मोडून सुटं करणं. जाडी डिक्शनरी उघडून दाखवली. जाड्या डिक्शनऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता.
संपतला फोन करावा का? त्याच्या शेजाऱ्यांकडे करावा लागतो. जेवणाच्या वेळी बरं दिसत नाही. शिवाय दिलेला शब्द फिरवणं आपल्या रक्तात नाही.

८ जून, शुक्रवार
सकाळी सांगणार होतो. पण चारचौघांत? दुपारी एकांत मिळाला, तर त्यानेच पेढे पुढे केले. चाकणला नकार कळवून आला होता. आता सांगून बिचाऱ्याचा आनंद का घालवावा? पेढे बरे होते. दोन घेतले.

३० जून
सगळ्यांना एकेक लिफाफा. नारळ मिळाला, शाल नाही. संपत लिफाफा घेऊन माझ्याकडे आला. मॅनेजमेंटला इंग्रजी येत नाही, शब्द चुकीचा वापरला, असं त्याला सांगितलं. पटलं त्याला.

१३ जुलै, शुक्रवार
चाकणला जाऊन आलो. स्टोअरची जागा अजून रिकामी आहे असं कळलं होतं. माझ्यासारखा अनुभवी माणूस त्यांना मिळणार कुठे? तिथल्या साहेबांनी वय विचारलं. बावन्न म्हटल्यावर अर्ज परत दिला. वर म्हणाले, तुमच्याकडचा तो संपत आम्हाला हवा होता. निरोप द्या. सोमवारी बारापर्यंत आला तर घेऊ, नाहीतर दुसरा ठरलाय.
निरोप देणं माझं कर्तव्य आहे. कर्तव्याला मी कधी चुकलो नाही. आज मात्र दमलोय. उद्या कामं आहेत. रविवारी कोणाच्या घरी जाऊन त्रास देणं बरं नव्हे. सोमवारी जेवण झालं, वामकुक्षी झाली, की निवांत जाऊन सांगेन.